खडीच्या रस्त्यावरची लाथ

जर्मनीत माणसं चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीवर सायकल चालवायला जातात. माझा मुलगाही जातो. त्या सायकलला तो ग्रॅव्हल म्हणतो. बोकडाच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, दातेरी टायर, मडगार्ड नाही, स्टँड नाही. उभी करायची तर भिंतीला टेकवावी लागते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हटलं, "अरे, दुकानदाराने अर्धीच दिली की काय?"

"आई, हिला असंच ठेवतात. वजन कमी राहतं."

"वजन कमी करायचं तर स्वतःचं कर. पोट बघ."

आम्ही राहतो गेर्लिंगेनला. घरामागे टेकडी, टेकडीवर जंगल आणि जंगल ओलांडलं की शेतंच शेतं. जमीन कुठेही सपाट नाही. एक चढ संपला की उतार, उतार संपतो न संपतो तोच पुढचा चढ. त्यातून पांढऱ्या खडीचे रस्ते गेलेत. मुलगा शनिवारी मोबाइलवर बोट फिरवत रस्ता आखायचा. सफरचंदाच्या झाडांखालून, मक्याच्या कडेने, खाली ओढ्यापर्यंत, तिथून वर द्राक्षमळ्यात. रविवारी निघायचं. तो पुढे, मधे माझी नात, मागे मी.

मी म्हणजे सत्तरी ओलांडलेली बाई. मुलाने मला बॅटरीची सायकल घेऊन दिली होती. सायकल मला नवी नव्हती. कराडला आमचं कोंबडीचं दुकान होतं. शाळा चौथीत सुटली, लग्न होऊन त्या दुकानात आले आणि दुकानाच्या सायकलवरच चालवायला शिकले. हँडलला दोन्ही बाजूंना पाय बांधून कोंबड्या उलट्या टांगलेल्या असायच्या. खड्डा आला की त्या फडफडायच्या आणि तोल जायचा. त्यामानाने इथली खडी म्हणजे गादी.

इथे फिरायला येणारी आपली माणसं म्हणतात, काय शांत आहे हो हे सगळं. मला शांत कधी दिसलं नाही. पायी फिरणारे म्हातारे सायकलवाल्यांवर दात धरून असतात. जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल न्यायची नाही असा इथला कायदा आहे, आणि एक म्हातारा त्या वाटेवर काठी आडवी धरून उभा राहायचा. एकदा त्याने ती काठी एका तरुण पोराच्या चाकात घातली. पोरगं पडलं, त्याचं कोपर फुटलं, आणि म्हातारा "या, या, गेनाऊ", हो हो बरोबर, करत हसत निघून गेला. दुसरीकडे कुणीतरी दोन झाडांना तार बांधली होती, बरोबर गळ्याच्या उंचीवर. माझ्या मुलाला ती उन्हात चमकली म्हणून दिसली. उन्हाळ्यात गवत कापणाऱ्या यंत्राखाली हरणाचं पिल्लू सापडलेलं मी पाहिलं आहे. यंत्र थांबलं नाही, पुढे गेलं. मला या सगळ्याचं नवल नव्हतं. मी रोज सकाळी कोंबड्यांच्या माना कापत आले आहे. फक्त हिरवं दिसलं की लोक त्याला शांत का म्हणतात, ते कळत नाही.

त्या वर्षी घरात एकच विषय होता. मुलाने नागरिकत्वाचा अर्ज केला होता. परीक्षा झाली होती, कागद देऊन झाले होते, आता कचेरीतून उत्तर यायचं बाकी होतं. त्याच्या कंपनीत माणसं कमी करत होते. उद्या नोकरी गेली तरी या देशातून जा असं कुणी म्हणू नये, म्हणून नवरा-बायको त्या पासपोर्टकडे डोळे लावून बसले होते. सून तर रोज पोस्टाची पेटी दोनदा उघडायची.

दसरा आला. दुकान होतं तेव्हा आम्ही सुऱ्या, सत्तूर, तराजू सगळं धुऊन, तेलाचं बोट फिरवून पुजायचो. मुलाच्या डोक्यात ते बसलेलं. तळघरात तिन्ही सायकली उभ्या असतात, तिथे त्याने पाट मांडला. थंडीने खोबरेल गोठलं होतं, ते गॅसवर पातळ करून आणलं आणि फडक्याने सायकल पुसायला बसला. त्याच्या सायकलच्या चाकांना मधोमध पोलादी तबकड्या आहेत, तोंड दिसेल इतक्या चकचकीत. त्याही त्याने तेलाने पुसल्या, वर हळदीकुंकवाची बोटं ओढली. झेंडूची माळ घातली.

सून म्हणाली, "अरे, जरा हास की. फोटो काढतेय. लग्नातसुद्धा माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं नव्हतंस."

"तू इतकी चकचकीत कुठे होतीस?"

नात नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिने विचारलं, माझ्या सायकललाही फुलं मिळणार का? मग तिच्या आणि माझ्या सायकललाही माळ घातली. आमच्या सायकलींचे ब्रेक रबराचे, त्या तबकड्या आम्हाला नाहीत. सगळ्यांनी पेढे खाल्ले. चार माणसं तिथे उभी होती, त्यातला एक इंजिनिअर, आणि ब्रेक त्या तबकड्यांनाच धरतो हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

रविवारी निघालो. रात्री पाऊस पडून गेला होता. चढावर सायकलला ब्रेक लागतोच कुठे? जंगलात एकदा मुलगा म्हणाला, "ब्रेक जरा मऊ लागतोय आज. ओलीमुळे असेल." पुढे गेलो.

जंगल संपलं की एक लांब उतार आहे. दोन्ही बाजूंना बिटाची शेतं. साखर काढतात ती बिटं, मातीने माखलेल्या नारळांएवढी. उताराच्या तळाशी एक शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीशी काहीतरी खुडबुड करत होता. साठीचा असेल, अंगाने दांडगा. त्याचा कुत्रा रस्त्यावर होता, काळा, जाड, म्हातारा.

मुलगा नेहमीसारखा सुसाट निघाला. निम्म्यात त्याचे हात ब्रेकवर आवळलेले मला मागून दिसले. सायकल थांबेना. तो ओरडायला लागला, आधी जर्मनमध्ये, मग नुसताच ओरडला. कुत्रा बहिरा असावा. तो उठला आणि बाजूला जायच्या ऐवजी आडवा आला. पुढचं चाक त्याच्या कमरेवर चढलं. मुलगा हँडलवरून उडाला आणि तोंडावर खडीत घसरत गेला.

मी पोचले तेव्हा कुत्रा पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होता आणि मागचं धड नुसतं ओढलं जात होतं. पाठ मोडली होती. तो ज्या आवाजात ओरडत होता, तो आवाज फार वेळ चालत नसतो.

मुलगा गुडघ्यांवर होता. हनुवटीतून रक्त. "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग," माफ करा माफ करा करत, ब्रेक लागला नाही म्हणून सांगत होता. शेतकरी धावत आला. त्याने मुलाच्या जाकिटाची कॉलर धरून त्याला उचललं आणि तोंडावर बुक्की मारली. मग दुसरी मारली. दात पडला तो मी पाहिला, पांढऱ्या खडीत लाल होऊन पडला. तो माणूस मारत होता आणि रडत होता, आणि मारताना काहीतरी बोलत होता. मला ते कळलं नाही. नातीला कळलं असणार. तिने ते मला अजून सांगितलेलं नाही.

त्या माणसाचा राग मला कळत होता. माझ्या दुकानासमोर कुणी माझं जनावर असं चिरडलं असतं तर मी सत्तूर घेऊन खाली उतरले असते. म्हणून मी मधे पडले नाही. वाटलं, दोन-चार बुक्क्या मारेल, थांबेल. तसा तो थांबलाही. कॉलर सोडली आणि कुत्र्याकडे वळला.

तेव्हा माझ्या मुलाने हेल्मेट काढलं. पट्ट्याला धरून त्याने ते मागून त्या माणसाच्या डोक्यात घातलं. माणूस वळला, पुन्हा एक फटका कानावर बसला. चिखलात बिटाची पानं पडली होती, त्यावरून त्याचा पाय सरकला आणि तो कुशीवर पडला. मुलाने त्याला लाथ घातली, बरगडीत. त्या सायकलच्या बुटांना तळाशी लोखंडाचा तुकडा असतो, पायडलमध्ये अडकवायला. त्या बुटाने. माणूस हात वर करून नको म्हणत होता, पुरे म्हणत होता. ते कळायला जर्मन लागत नाही. मुलाने पुन्हा लाथ घातली, आणि पुन्हा.

मी सायकल टाकली, मागून त्याचं जाकीट धरलं आणि कानाखाली ओढली. जेवढं अंगात होतं तेवढ्याने. तो माझ्याकडे वळला, हात वर उचललेला. तो चेहरा मी ओळखत होते. त्याच्या बापाचा होता. त्याचा बाप मला गल्ल्यामागे धरून मारायचा तेव्हा असाच दिसायचा, डोळे उघडे आणि आत कुणी नाही.

मी म्हटलं, "मार. मला पण मार."

हात खाली आला. तो खडीत बसला आणि ओकला.

नात रस्त्याच्या कडेला तिची सायकल धरून उभी होती. रडली नाही, हलली नाही. शेतकरी रांगत कुत्र्याजवळ गेला. कुत्रा तोवर संपला होता. त्याने त्याच्यावर आपला कोट टाकला आणि खिशातून फोन काढला.

पोलीस आले, ॲम्ब्युलन्स आली. त्या माणसाच्या बरगड्या मोडल्या होत्या. मुलाच्या हनुवटीला टाके पडले, वरचा एक दात गेला. पोलिसांनी दोघांचंही लिहून घेतलं. शेतकऱ्याने सांगितलं, मी फक्त कॉलर धरली; याचं तोंड फुटलं ते सायकलवरून पडल्यामुळे; आणि मग याने मला मारलं.

पुढच्या आठवड्यात घरात कुणी धड जेवलं नाही. वकिलाने सांगितलं, मारहाणीची केस चालू असेपर्यंत नागरिकत्वाचा अर्ज तसाच पडून राहील, आणि मोठी शिक्षा झाली तर बुडेलही. पोलिसांनी मला साक्षीला बोलावलं. दुसरी साक्षीदार नात, पण ती लहान.

सुनेने मला स्वयंपाकघरात बसवलं. नात बाजूलाच टेबलावर शाळेचं काहीतरी रंगवत होती.

"अहो आई, नीट ऐका. तुम्ही आई आहात, त्यामुळे बोलायची सक्ती नाही. सरळ सांगायचं, मला काही बोलायचं नाही. संपलं."

"मग त्याने बुक्क्या मारल्या ते कोण सांगणार?"

"तेच म्हणतेय. ते सांगायचं असेल तर तेवढंच सांगा. आधी त्याने मारलं, तोंड फोडलं. नंतर झटापट झाली, तो घसरून पडला. पुढचं दिसलं नाही, तुम्ही नातीला बघत होतात."

"मी नातीला बघत नव्हते."

"आई, हे मला माहीत आहे हो! पण तुमचं काय जाणार आहे? तुम्हाला कोण विचारणार, नक्की कुठे बघत होतात?"

"तेच विचारतात पोलीस."

"तुमच्या मुलाचं आयुष्य आहे हे. एका म्हाताऱ्या कुत्र्यापायी."

"कुत्र्यापायी नाही. कुत्रा मेला तो अपघातात. लाथ त्यानंतरची आहे."

सून उठली आणि तिने भांडी सिंकमध्ये अशी आदळली की एक कप फुटला. मुलगा दारात उभा होता. नातीने रंगवायचं थांबवलं होतं. त्या रविवारपासून बाप हेल्मेटचा पट्टा लावायला जवळ आला तरी ती मान मागे घ्यायची. शाळेत जाताना ती स्वतः लावायची, वाकडा का होईना.

माझा मुलगा तिच्याएवढा होता तेव्हा त्याच्या बापाने माझा हात मोडला होता. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं. पोराला बापाने आणि आजीने रिक्षात शिकवून ठेवलं होतं. त्याने सांगितलं, आई मोरीत घसरली. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मी कळवळत होते, हाड बाहेर आलं होतं. पोराने ते इतकं सरळ सांगितलं की मलाच क्षणभर मोरी दिसली. सुनेचं बोलणं ऐकताना मला तो रिक्षातला मुलगा आठवत राहिला. आता टेबलाशी नात बसली होती आणि कान टवकारून शिकत होती.

पोलीस स्टेशनात मराठी जाणणारं कुणी मिळालं नाही. हिंदीची दुभाषी बाई आणली. माझी हिंदी दुकानातली, गिऱ्हाइकाशी बोलायची. तेवढी पुरली. पोलीस बाई तरुण होती. तिने आधी तेच सांगितलं, तुम्ही आरोपीच्या आई आहात, गप्प बसायचा तुम्हाला हक्क आहे.

मी म्हटलं, "मी बोलणार आहे. लिहा."

ब्रेक का लागला नाही, असं तिने विचारलं. मी दसऱ्याचं सांगितलं. दुभाषी बाईला हसू आलं, ती खाली बघत जर्मनमध्ये बोलली. पोलीस बाईने पेन थांबवलं.

"त्या विचारतायत, ब्रेकला तेल कोण लावतं?"

"ज्याला पूजा करायची असते तो. मुद्दाम नाही लावलं. त्याला सायकलला सजवायचं होतं. पोरगी पुढे असती तर तिच्या अंगावर गेला असता तो उतारावर, कुत्रा होता म्हणून कुत्र्यावर गेला."

मग मी शेतकऱ्याचं सांगितलं. कॉलर धरली, बुक्क्या मारल्या, दात खडीत पडला. ती लिहीत होती. दुभाषी बाई म्हणाली, "मग काय झालं?"

इथे मी थांबू शकले असते. सुनेने थांबायची जागा मला दाखवून ठेवली होती. पण त्या माणसाने मारलं हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं धरायचं, आणि पुढच्याच घटकेला माझे डोळे दुसरीकडे गेले असं म्हणायचं, हे मला जमेना. आयुष्यभर माझ्या डोळ्यांसमोर माना कापल्या गेल्या, माझीही हाडं मोडली. मी नजर फिरवणारी बाई नाही.

"तो माणूस थांबला होता," मी म्हटलं. "कुत्र्याकडे वळला होता. माझ्या मुलाने मागून हेल्मेट मारलं. माणूस पडला. पडल्यावर लाथा घातल्या. तो पुरे म्हणत होता, तरी घातल्या. मी कानाखाली दिली तेव्हा थांबला."

दुभाषी बाईने माझ्याकडे बघितलं. हलक्या आवाजात विचारलं, "हे पण सांगू? नक्की?"

"मग मी काय तुझ्याशी गप्पा मारायला आले? सांग."

तिने सांगितलं. त्यांनी वाचून दाखवलं, मी सही केली. सही मी मोडकीतोडकी करते, पण करते.

बाहेर सून गाडीत बसली होती. मी बसल्यावर तिने विचारलं आणि मी जसं होतं तसं सांगितलं. तिने गाडी चालू केली नाही. स्टिअरिंगवर हाताचा तळवा आपटत राहिली. मग म्हणाली, "आई, तुम्ही सख्ख्या आहात ना त्याच्या?"

"म्हणूनच."

"बोलू नका. कृपा करा, आता बोलू नका माझ्याशी."

नाही बोलले. रस्ताभर ती रडत गाडी चालवत होती आणि मागची गाडी हॉर्न देत होती.

घरी मुलगा स्वयंपाकघरात होता. टाके अजून काढले नव्हते. सून त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "सांगितलं सगळं तुझ्या आईने. लाथांसकट. आता बस त्या अर्जाची वाट बघत." आणि आत जाऊन तिने दार आपटलं.

तो माझ्याकडे बघत होता. बापाचा चेहरा नव्हता, त्याचाच होता, सुजलेला. मला वाटलं आता बोलेल, ओरडेल. ओरडला असता तरी मी ऐकून घेतलं असतं. त्याची नोकरी, त्याचं घर, त्याचे इतक्या वर्षांचे कष्ट, सगळं माझ्या जिभेवर होतं आणि मी ते सांडून आले होते.

"पडल्यावर मारलं, हेही सांगितलंस?"

"मारलंस ना?"

"मारलं."

नात टेबलाशीच होती. तो तिच्याकडे वळला. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला, हात मांडीवर ठेवले, तिला दिसतील असे.

"ऐक," तो तिला मराठीत म्हणाला. "मी त्या आजोबांना मारलं. ते खाली पडले होते, नको म्हणत होते, तरी मारलं. पोलीस विचारतील तर मी हेच सांगणार आहे. तुला कुणी काही वेगळं सांगायला लावलं तर सांगायचं नाही. मी सांगितलं तरी."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "वाइस इश," ती म्हणाली. "इश वार डाबाय." म्हणजे, मला माहीत आहे, मी तिथेच होते. आणि पुन्हा रंगवायला लागली.

मी भात लावला. सून जेवायला आली नाही.